खव्याच्या कढईसाठी वेग-नियंत्रक: भूम तालुक्यातलं एक प्रकरण

येरमाळ्याची चैत्री यात्रा पंधरा दिवसांवर आली होती, तेव्हा ती मोटर दुसऱ्यांदा माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात आली. एक हॉर्सपॉवर, सिंगल फेज, कपॅसिटर स्टार्ट, १४२५ आरपीएम. तीन आठवड्यांपूर्वीच तिची स्टार्टिंगची वाइंडिंग मी भरून दिली होती. झाकण काढून बघतो तर तीच वाइंडिंग पुन्हा कोळसा झालेली. रनिंगची वाइंडिंग मात्र ताजी होती, तिच्यावरचं वार्निश अजून चमकत होतं. स्टार्टिंगचा कपॅसिटर फुगून फुटला होता. पहिल्या खेपेला "जळलीय, भरून द्या" एवढं ऐकलं आणि भरून दिली, एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. ती माझी चूक होती. या खेपेला मोटर बाकावर तशीच ठेवली आणि क्लॅम्प मीटर, टॅकोमीटर पिशवीत टाकून भट्टीवर गेलो.

भट्टी भूमहून कुंथलगिरीकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावाबाहेर वस्तीवर आहे. बालाघाटाच्या या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही, म्हणून शेतीच्या जोडीला दावणीची जनावरं, आणि दूध आहे म्हणून खवा, असं कित्येक घरांचं गणित आहे. कुंथलगिरीचा पेढा आणि इथला खवा लांबवर जातो. ही भट्टी आक्का आणि त्यांचा मुलगा चालवतात. एका घाण्याला चाळीस लिटर दूध. म्हशीच्या साडेचार-पाच लिटर दुधात किलोभर खवा पडतो, म्हणजे घाण्यामागे आठ-नऊ किलो. यात्रा, नवरात्र, दिवाळी या दिवसांत कढई थांबत नाही.

यंत्र आपल्याकडं सगळीकडं दिसतं तेच. खाली जाळ, वर साधारण तीन फूट व्यासाची कढई. कढई स्वतः फिरते, आणि आत तळाला घासत राहणारं खरवडायचं पातं जागेवर थांबलेलं असतं. मोटरवर तीन इंची पुली, पट्ट्याने पाच इंची पुलीवर, तिथून तीसास एक या प्रमाणाचा वर्म गिअरबॉक्स. दोन्ही मिळून पन्नासास एक. मोटर १४२५ फेरे घेते तेव्हा कढई मिनिटाला अठ्ठावीस.

"दूध हाय तवर ग्वाड फिरती," आक्का म्हणाल्या, "पर गोळा धराया लागला की गुरगुरायलीय. मग वास येतो, आन् बंद."

मोटर आणि स्विच यांच्या मध्ये एक उघडा पत्र्याचा डबा लटकत होता, त्यावर काळी मूठ. आत ट्रायॅकचं छोटं बोर्ड. त्यावर ४००० वॉट छापलेलं. कुणीतरी सांगितलं, पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच आहे पण दमदार आहे, म्हणून मुलाने ऑनलाइन मागवून जोडलं होतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा ४००० वॉटचं बोर्ड पुरून उरेल, असा त्याचा हिशेब. वॉटचा हिशेब चुकीचा नव्हता. बोर्ड जळलंच नाही, मोटर जळली.

आधी हे विचारलं, की वेग कमी कशाला करायचाय? भट्टीवाल्याला काय हवंय ते कळल्याशिवाय नियंत्रक निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणणं. आक्कांनी जे सांगितलं ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये नव्हतं. सुरुवातीला दूध पातळ असतं, तेव्हा कढई जोरात फिरली पाहिजे, नाहीतर साय धरते आणि तळाला लागतं. आटत आलं की तोच वेग त्रास देतो. घट्ट झालेलं पात्याला अडून उसळतं, कडेवर चढतं, आणि शेवटी गोळा धरताना फार घुसळलं तर तूप सुटून वर येतं. खवा तेलकट झाला की सरमकुंडी फाट्यावरचा पेढेवाला हातात घेऊनच परत ठेवतो. म्हणून शेवटी जाळ कमी आणि कढई हळू. हाताने उलथन्याने आटवायचे तेव्हाही त्या तसंच करायच्या. आता यंत्राकडून तेच हवं होतं: आधी अठ्ठावीस-तीस फेरे, शेवटी दहा-बारा.

इथं या प्रकरणाची सगळी गाठ आहे. पंखा हळू केला की त्याला लागणारी ताकद फार झपाट्याने कमी होते, वेग निम्मा केला तर फिरवायला लागणारा जोर पावावर येतो. खव्याचं उलटं आहे. वेग सगळ्यात कमी तेव्हाच जोर सगळ्यात जास्त. पंख्याच्या रेग्युलेटरला या कामाचं वळणच नाही.

ट्रायॅकचं बोर्ड काय करतं? लहरीचा थोडा भाग कापून व्होल्टेज कमी करतं. पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झच राहते, आणि इंडक्शन मोटरचा, म्हणजे आपल्या या जातीच्या मोटरचा, वेग ठरतो वारंवारतेवर. चार पोलच्या मोटरचं फिरतं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला मिनिटाला १५०० फेरे घेणारच, व्होल्टेज २३० असो की १५०. व्होल्टेज घटवलं की मोटर हळू होत नाही, ती अशक्त होते. अशक्त मोटरवर वजन पडलं की ती रडत थोडी मागं सरकते, आणि ते मागं सरकणं आपल्याला वेग कमी झाल्यासारखं वाटतं. व्होल्टेज निम्मं केलं तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, पावच उरते. मागं सरकण्यालाही मर्यादा आहे. साधारण अकराशे-बाराशे फेऱ्यांच्या खाली अशी मोटर टिकून राहत नाही, एकदम बसते.

त्यातून ही कपॅसिटर स्टार्ट. तिच्यात सेंट्रिफ्युगल स्विच असतो. मोटर पाऊण वेगाच्या आसपास पोचली की तो उघडतो आणि स्टार्टिंगची वाइंडिंग बाजूला काढतो. ती वाइंडिंग बारीक तारेची, दोन-चार सेकंदांपुरती बनवलेली. गोळा धरताना मोटर मागं सरकली, स्विच पुन्हा मिटला, स्टार्टिंगची वाइंडिंग पुन्हा लागली आणि लागलेलीच राहिली. आक्कांना ऐकू येणारी गुरगुर तीच. रनिंगची वाइंडिंग ताजी आणि स्टार्टिंगची कोळसा, याचा अर्थ बाकावरच समोर लिहिलेला होता, मला पहिल्या खेपेला वाचता आला नाही.

काट्याने घेतलेलं माप

मुलगा म्हणाला, दीड हॉर्सची टाकून बघू. आमच्या धंद्यात हे नेहमी ऐकू येतं आणि पुष्कळदा चालूनही जातं. मला मात्र कढईला खरोखर किती जोर लागतो ते मोजायचं होतं. ते मोजल्याशिवाय घेतलेला कुठलाही नियंत्रक हा अंदाजच.

पात्याचा दांडा कढईच्या मध्यावरच्या खुंटावर फिरता असतो आणि बाहेरचं टोक चौकटीला बोल्टने बांधलेलं असतं. तो बोल्ट काढून त्या जागी पोती वजन करायचा ताणकाटा लावला. मध्यापासून काट्यापर्यंत बरोबर अर्धा मीटर. वर्कशॉपमधली दुसरी मोटर तात्पुरती बसवली, तीही एक हॉर्सचीच, रेग्युलेटर न लावता थेट. आता कढई पात्याला ओढणार आणि काटा सांगणार किती ओढ आहे ती. मुलगा दांड्याला दोरीचा फास टाकून उभा, काटा सुटला तर पातं गरगर फिरू नये म्हणून. हे कुणी करून बघणार असेल तर तो फास विसरू नये.

दूध पातळ असताना काट्यावर अडीच किलो. आटत गेलं तसा काटा सहा, नऊ, आणि गोळा धरताना तेरा किलो. तेरा गुणिले ९.८१ गुणिले अर्धा मीटर म्हणजे सुमारे ६४ न्यूटन-मीटर. दुधाच्या वेळी जेमतेम १२. म्हणजे एकाच घाण्यात ओझं पाचपट वाढतं.

नशिबाने की कमनशिबाने, दुसऱ्या घाण्याला गोळा धरत असतानाच लाइट गेली. सहा मिनिटांनी आली. जाळ मागं ओढला होता, तेवढ्यात खवा थोडा निवून कढईला धरून बसला होता. मोटर सुरू केली तेव्हा काटा क्षणभर वीस किलोपर्यंत गेला. म्हणजे ९८ न्यूटन-मीटर. हा आकडा मिळाला नसता तर आमची निवड कदाचित चुकली असती, कारण वस्तीवर लाइट जाणं हा अपवाद नाही, रोजचं आहे.

आता हे मोटरकडं आणायचं. पन्नासास एक म्हणजे मोटरवर पन्नासावा हिस्सा, पण वर्म गिअरबॉक्स घासत चालतो, बरीच ताकद स्वतःच खातो. पट्टा धरून सत्तावन्न टक्के पुढं पोचते असं धरलं, आणि थांबलेल्या अवस्थेतून सुटताना त्याहून कमी, त्रेचाळीस. त्या हिशेबाने गोळा धरताना मोटरला सव्वादोन न्यूटन-मीटर लागतात आणि मधेच थांबून पुन्हा सुरू करताना साडेचारच्या वर. एक हॉर्सची, म्हणजे पाऊण किलोवॉटची मोटर पूर्ण वेगाला पाच न्यूटन-मीटर देते. म्हणजे दीड हॉर्सची गरज नाही. अर्ध्या हॉर्सच्या मोटरचा पूर्ण भाराचा टॉर्क अडीच, ती चालत्या कामाला पुरेल पण लाइट गेल्यावर सुटताना अडेल. मोटर एक हॉर्सचीच हवी होती, फक्त दुसऱ्या जातीची.

व्होल्टेजही लिहून घेतलं. सकाळी साडेसातला २१२, आणि नऊनंतर शिवारातले पंप सुरू झाल्यावर १८४. गोळा धरायची वेळ नेमकी त्या १८४ मध्ये.

काय काय ताडून पाहिलं

पायरीपुलीचा विचार मी खरंच मनापासून केला. तीन चर असलेली पुली, पट्टा सरकवला की वेग बदलला, इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, बिघडायला काही नाही, आणि वेग कमी केला की कढईवर ताकद वाढते, आपल्याला हवं तसंच. जिथं वेग दिवसातून एकदा बदलायचा असतो तिथं मी आजही हेच सांगेन. इथं मात्र पट्टा सरकवायला यंत्र थांबवावं लागतं, तेही खवा सगळ्यात लवकर करपतो त्याच वेळी. आक्कांनी एका शब्दात नाही म्हटलं आणि त्यांचं बरोबर होतं.

डिमरस्टॅट, म्हणजे गोल मुठीचा व्हेरिएबल ट्रान्सफॉर्मर, एकाने सुचवला. लहर स्वच्छ मिळते, आवाज कमी होतो, पण तोही व्होल्टेजच घटवतो. रोग तोच.

डीसी मोटरचा पर्याय जास्त विचार करण्यासारखा होता. जुन्या ट्रेडमिलमधल्या कायम चुंबकाच्या मोटरी बाजारात मिळतात. तिच्यात टॉर्क करंटच्या प्रमाणात मिळतो, त्यामुळे कमी वेगाला ती चांगली ताकद धरते, आणि तिचा नियंत्रकही साधा. दोन गोष्टींनी मन मागं आलं. तिला कार्बन ब्रश असतात, ते झिजतात, काळी पूड उडते आणि इथं दोन हातांवर दुधाची कढई आहे. आणि त्या मोटरींवर लिहिलेले हॉर्सपॉवर पुष्कळदा क्षणभराच्या जोराचे असतात, चार-पाच हजार फेऱ्यांना दिलेले. पंधराशेच्या आसपास दिवसभर चालवायला त्यातले किती उरतात ते पाटीवरून कळत नाही.

ई-रिक्षाची ४८ व्होल्टची बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशची डीसी मोटर मुलाच्या मनात भरली होती. बॅटरीवर चालेल, लाइट गेली तरी कढई थांबणार नाही. ही मागणी रास्त होती. पण रिक्षाचा कंट्रोलर चालवणाऱ्याच्या मनगटासाठी बनवलेला असतो. मूठ किती पिळली त्यावर तो जोर देतो, वेग धरून ठेवत नाही. चढ लागला की रिक्षा हळू होते आणि चालवणारा मूठ आणखी पिळतो. कढईशी मूठ पिळत कोण बसणार? वेग धरून ठेवणारे बीएलडीसी कंट्रोलर असतात, पण ते आणि बॅटरी मिळून खर्च आमच्या हिशेबाबाहेर जात होता.

उरली थ्री फेज मोटर आणि तिला चालवणारा व्हीएफडी, ज्याला आम्ही नुसतं ड्राइव्ह म्हणतो. वस्तीवर भट्टीला थ्री फेज कनेक्शन नाही, पण सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारे ड्राइव्ह मिळतात. तो आलेली वीज आधी डीसी करतो आणि मग हवी त्या वारंवारतेची थ्री फेज तयार करतो. वारंवारता आणि व्होल्टेज दोन्ही एकाच प्रमाणात कमी करतो, म्हणून मोटरचं चुंबकत्व टिकतं आणि कमी वेगालाही टॉर्क मिळतो. थ्री फेज मोटरला सेंट्रिफ्युगल स्विच नाही, स्टार्टिंगची वाइंडिंग नाही, कपॅसिटर नाही. जे दोनदा जळलं ते तिच्यात मुळात नाहीच.

इथं एक चूक फार लोक करतात. असा ड्राइव्ह २३० व्होल्टवर चालला तर बाहेर ४१५ देऊ शकत नाही, जास्तीत जास्त आलेल्या व्होल्टेजएवढंच देतो. आपल्याकडच्या दोन हॉर्सपर्यंतच्या थ्री फेज मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एका सांध्यात आणून, बांधलेल्या असतात. ती तशीच जोडली की फिरते, पण कमजोर फिरते, आणि दोष ड्राइव्हवर येतो. तीच मोटर डेल्टात, म्हणजे टोकाला टोक जोडून त्रिकोणात, बांधली की २४० व्होल्टची होते. अडचण अशी, की लहान मोटरींच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहाऐवजी तीनच तारा बाहेर येतात, स्टारचा सांधा आत वाइंडिंगच्या डोक्यातच बांधून टाकलेला असतो. माझ्या दुकानात अशी एक एक-हॉर्सची मोटर पडून होती. डोक्यावरची दोरी कापून सांधा उघडला, तीन नव्या तारा काढल्या, स्लीव्ह चढवली, पुन्हा बांधून वार्निश केलं, वार्निश सुकवायच्या भट्टीत सुकवली आणि डेल्टा जोडला. स्टारमध्ये १.८५ अँपिअर घेणारी मोटर डेल्टात १.७३ पट, म्हणजे ३.२ अँपिअरची झाली. हे एका दुपारचं काम आहे. रिवाइंडर जवळ असेल तर नवी मोटर घ्यायची गरज नाही.

ड्राइव्ह निवडताना हॉर्सपॉवर बघितलेच नाहीत, अँपिअर बघितले. पाऊण किलोवॉटचा, सिंगल फेज इनपुटचा, बाहेर ४.२ अँपिअर कायम देणारा आणि दीडपट करंट एक मिनिट सोसणारा घेतला. पंखे आणि पंपांसाठीचे हलके ड्राइव्ह स्वस्त मिळतात, त्यांना एवढी दीडपट सोसत नाही. आपलं ओझं घट्ट खव्याचं, तेव्हा जड कामाचाच. ३.२ च्या मोटरला ४.२ चा ड्राइव्ह म्हणजे हातचा एक अँपिअर राखला, तो उन्हाळ्यासाठी. असे ड्राइव्ह साधारण ४० अंशांपर्यंत पूर्ण करंट देतात, त्यापुढं कमी धरावा लागतो. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये सावलीतच चाळीस ओलांडतं, आणि ही तर भट्टी. व्होल्टेजची खालची मर्यादा १७० लिहिलेली होती, १८४ तिच्यात बसत होतं.

पुली

ड्राइव्ह ठरला तरी मी पुली बदलायचा आग्रह धरला. मुलाला पटेना, वेग ड्राइव्हच कमी करतोय तर पुली कशाला?

कारण ड्राइव्ह वेग कमी करतो तेव्हा टॉर्क वाढत नाही, जेमतेम तेवढाच राहतो. पुली आणि गिअर वेग कमी करतात तेव्हा टॉर्क वाढवून देतात. शिवाय मोटरचा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. मोटर फार हळू फिरली की तिला वारा लागत नाही. जुन्या पुलीवर कढईला बारा फेरे हवे असतील तर मोटर सहाशेवर आणावी लागली असती. पाच इंचीच्या जागी सहा इंची पुली बसवली, प्रमाण साठास एक झालं, मोटरचं ओझं सहाव्या हिश्शाने उतरलं. गोळा धरताना आता सव्वादोनऐवजी १.९ न्यूटन-मीटर, थांबून सुटताना साडेचारऐवजी ३.८. शेवटचे बारा फेरे ड्राइव्हच्या २५ हर्ट्झवर मिळतात, मोटर ७२० वर, पंखा बऱ्यापैकी वारा देतो. आणि सुरुवातीला दूध पातळ, ओझं नाही, तेव्हा ड्राइव्ह ६० हर्ट्झवर नेला की कढई एकोणतीस फेऱ्यांच्या वर जाते. पन्नासच्या वर मोटरची ताकद घटते, पण दुधाला लागते किती? पूर्ण ताकदीच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

यातून एक फायदा असा झाला जो मी आधी धरला नव्हता. २५ हर्ट्झला मोटरला व्होल्टेजही निम्मंच, ११५ लागतं. म्हणजे बाहेर १८४ असलं तरी ड्राइव्हकडं पुरून उरतं. शिवारातले पंप सुरू झाल्यावर पूर्वी मोटर जिथं मरायची, तिथं आता तिला व्होल्टेजची कमतरता जाणवतच नाही.

बसवताना आलेल्या अडचणी

पहिल्या दिवशी मोटर रिकामी फिरत असतानाच तापली. सुटताना जोर मिळावा म्हणून मी टॉर्क बूस्ट जास्त ठेवला होता. कमी वारंवारतेला त्यामुळे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जातं आणि मोटर ओझं नसताना पूर्ण करंट पिते. १५ हर्ट्झला रिकाम्या मोटरचा करंट ३.४ दिसला तेव्हा कारण कळलं. बूस्ट खाली आणला, मग थंड मोटरवर ऑटो ट्यूनिंग, म्हणजे ड्राइव्हकडूनच मोटरची मोजणी, करून व्हेक्टर पद्धतीवर टाकलं, ज्यात ड्राइव्ह मोटरचा भार ओळखून लागेल तेवढाच जोर देतो. त्यानंतर तापणं थांबलं. मोटरचा करंट ३.२ ड्राइव्हमध्ये नीट भरला, म्हणजे अडकली तर तोच बंद करेल.

दुसरी अडचण गंभीर होती. ड्राइव्ह चालू केला की घरातली ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की लाइट तोडणारा स्विच, पडायची. मुलगा म्हणाला, ती काढून टाकू. मी काम थांबवलं. बघितलं तर भट्टीच्या चौकटीला अर्थिंगच नव्हतं, कुणीतरी मोटरच्या बॉडीला न्यूट्रल बांधून ठेवला होता. ओली फरशी, लोखंडी चौकट, कढईत हात घालणारी माणसं, आणि बॉडीला न्यूट्रल. एक न्यूट्रल तुटला असता की पूर्ण चौकटीत वीज उतरली असती. आधी खड्डा घेऊन अर्थिंगचा रॉड पुरला, जाड तार चौकटीला, मोटरला आणि ड्राइव्हला वेगवेगळी आणून बांधली. ड्राइव्हच्या आत गोंगाट जमिनीत सोडणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून थोडा करंट अर्थिंगमध्ये जातच असतो, आणि साध्या प्रकारच्या आरसीसीबीला तो सोसत नाही. ड्राइव्हच्या वाटेला ड्राइव्हसाठी चालणाऱ्या प्रकारची स्वतंत्र आरसीसीबी लावली, घरची होती तशी ठेवली. या कामाला एक दिवस आणि ड्राइव्हच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढा पैसा गेला. तो कुणी वाचवू नये.

ड्राइव्ह भट्टीत ठेवलाच नाही. दुधाच्या खोलीत, पलीकडच्या भिंतीवर, जाळीच्या पेटीत बसवला. वाफ आणि तुपाचा थर आत गेला तर कुठलाही ड्राइव्ह टिकणार नाही. मोटरकडं जाणाऱ्या केबलवर मधे कसलाही स्विच ठेवला नाही. चालू-बंद करायचं ते ड्राइव्हच्या बटणानेच. चालत्या मोटरची वाट मधेच तोडली की ड्राइव्हच्या आतले ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: मेन बंद केल्यावर दहा मिनिटं उघडू नये. आत सव्वातीनशे व्होल्टचा डीसी साठलेला असतो.

वेगाची मूठ मी सुरुवातीला गोल लावली होती. आक्कांनी दोन दिवस वापरली आणि म्हणाल्या, "बाबा, तुपाच्या हातानं हे घसरतंय, आन् कुठं थांबायचं ते रोज निराळं. मला तीनच खटके दे. दूध, आटवण, गोळा." तसे दिले. तीन जागांचा सिलेक्टर स्विच, ६०, ४० आणि २५ हर्ट्झ. एका खटक्यावरून दुसऱ्यावर जाताना आठ सेकंद हळूहळू बदल, म्हणजे दूध उसळत नाही. त्याशेजारी कुत्र्याच्या छत्रीसारखं मोठं लाल बंदचं बटण. लाइट परत आली की ड्राइव्हने आपोआप सुरू व्हायचं नाही असं ठरवून टाकलं. लाइट गेली की माणूस आधी कढईतला खवा उलथन्याने सोडवायला वाकतो. त्याच वेळी कढई आपण होऊन फिरायला लागली तर काय होईल ते सांगायला नको.

यात्रेच्या आधी चार दिवस काम पूर्ण झालं. यात्रेच्या आठवड्यात कढई रोज पाच-सहा घाणे चालली. गोळा धरताना करंट २.१ च्या आसपास, मोटरच्या अंगाला हात लावून धरता येत होता. लाइट घाण्याच्या मधे तीनदा गेली, तिन्ही वेळा कढई पहिल्या झटक्यात सुटली. खर्च एकूण: ड्राइव्ह, जुनी मोटर आणि तिचं काम, पुली, अर्थिंग, आरसीसीबी, स्विच मिळून साडेसोळा हजार. मोटर दोनदा जळण्यात आणि तीन घाणे करपण्यात गेलेला पैसा आक्कांनी बोटांवर मोजून दाखवला, तो याच्या निम्म्याच्या पुढं जात होता.

ड्राइव्हच्या पडद्यावर मी करंट दाखवायला ठेवला होता, पण इंडक्शन मोटर रिकामीही बराच करंट घेते, त्यामुळे दूध आणि गोळा यांत आकडा फारसा हलत नव्हता. मग टॉर्कची टक्केवारी दाखवायला लावली. ती मात्र सात-आठवरून वर सरकत जाते. आक्कांनी आठवड्याभरात ती स्वतःच्या कामाला लावली. म्हशीचं दूध असेल तर आकडा छत्तीस-सदतीस झाला की कढई उतरवायची, गाईचं मिसळलेलं असेल तर थोडा अलीकडं. बोटाने दाबून बघणं त्यांनी सोडलेलं नाही, पण आता मुलगाही एकटा घाणा उतरवतो आणि खवा रोज एकाच घट्टपणाचा निघतो.

जूनमध्ये आकडा त्याच खव्याला एकेचाळीसवर जायला लागला. पात्याचा दाब तोच, दूध तेच. गिअरबॉक्सचं झाकण काढलं तर तेल काळं आणि अर्ध्यावर आलेलं. तेल बदललं, दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा सदतीस.

पुढची भट्टी पाथरूडच्या बाजूला आहे. तिथंही तेच ४००० वॉटचं बोर्ड लावलंय आणि मोटर अजून जळलेली नाही. पण तिथं कढई थांबलेली असते आणि वरून पाती फिरतात, ओझं निराळं. ताणकाटा पिशवीत ठेवलाय.